दार उघडं होतं

पन्ह्याचा पेला अण्णांच्या हातापर्यंत आला होता. बोटं टेकायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जय भीम, ताई."

पेला मागे गेला.

पेला घेतलेला हात काकूंनी नुसता पोटाशी ओढून घेतला. थोडं पन्हं साडीवर सांडलं. अण्णा हात पुढे करून तसेच उभे. त्यांना वाटलं, ताईंचा तोल गेला. ते म्हणाले सुद्धा, "सांभाळून, सांभाळून."

अण्णा माझे वडील. छापखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. 'जय भीम' हा त्यांचा नमस्कार. पोस्टमनला तोच, डॉक्टरला तोच, बसच्या कंडक्टरलाही तोच. त्यात त्यांना कधी काही वेगळं वाटलं नाही. लाज तर नाहीच नाही. आपण होऊन लपवायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. कर्वेनगरला त्यांच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत मी पेइंग गेस्ट होते. आमचं घर येरवड्याला, एका खोलीचं. भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, अण्णा, आई, सगळे त्यातच. मला हिंजवडीत आयटीत नोकरी लागली तेव्हा रात्री अभ्यासाला, सर्टिफिकेशनला कोपरा हवा होता. ऑफिसची बस कर्वेनगरवरून जायची. खोली मिळवून दिली शर्वरीनं. माझ्याच टीममधली, माझ्या शेजारच्या खुर्चीवरची. काकू तिच्या आईच्या भजनी मंडळातल्या. शर्वरी त्यांना सांगून आली होती, "मुलगी फार गुणी आहे हो." आडनाव काकूंनी विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव देशस्थांतही असतं. त्या स्वतःच काय ते धरून चालल्या. मला कुणी जात विचारली नाही.

त्या दिवशी काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी रजा टाकली होती. हो, रजा. कुणी सांगितलं नव्हतं. काकू एकट्या, मुलगा अमेरिकेत, म्हटलं मदत करू. आदल्या दिवसापासून हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली. कैऱ्या मी किसल्या. डाळ मी वाटली. कलिंगड कापून त्याचं कमळ मी केलं आणि गौरीपुढे मांडलं. काकू येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना कौतुकानं सांगत होत्या, "सगळं हिनं केलंय हो. हल्लीच्या मुलींना येतं का असलं?" मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

आणि अण्णा आले. जयंती नुकतीच झाली होती, पेढ्यांचा पुडा घेऊन लेकीला भेटायला. जिन्यात बायकांच्या चपलांचा हा एवढा ढीग. अण्णांनी स्वतःच्या चपला दोन पायऱ्या खाली काढून ठेवल्या, कुणाच्या चपलेवर पाय नको म्हणून. दार सताड उघडं. उंबऱ्यावर रांगोळी. ती मोडू नये म्हणून ते बाहेरच थांबले. काकूच हसत पुढे आल्या, "हिचे वडील ना? पन्हं घ्या आधी."

पुढचं मी सांगितलं.

मग काकू वळल्या. माझ्याकडे नाही, बायकांकडे. म्हणाल्या, "डाळ हिनं वाटलीय. कुणी खाऊ नका."

खोलीत एकेक डिश खाली ठेवल्याचा आवाज आला. कुणी टीपॉयवर ठेवली, कुणी फरशीवर. एका बाईनं तोंडातला घास रुमालात काढला. अशी आजूबाजूला बघत, कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसला.

मग काकू दारात आल्या आणि आमची जात घेऊन अण्णांना बोलल्या. वर म्हणाल्या, "घरात शिरून बाटवायची ही नवी पद्धत वाटतं? पोरगी आधी घुसवायची, मग बाप." तो जातीवाचक शब्द मी इथे लिहिणार नाही. एकदा फिर्यादीत लिहिला. एकदा कोर्टात माझ्या तोंडून वदवून घेतला. पुरे झालं.

अण्णांनी पेढ्यांचा पुडा उचलला. म्हणाले, "चल पोरी. चप्पल घाल."

मी गेले असते. खरंच गेले असते. खाली मान घालून, बॅग भरून, येरवड्याला. आमच्याकडे असं गिळायची सवय पिढीजात आहे. पण अण्णांच्या मागे जिन्यात शर्वरी उभी होती. आईबरोबर हळदीकुंकवाला आली होती, एका पायातलं सँडल काढून झालेलं, दुसऱ्याचा पट्टा हातात. तिनं सगळं ऐकलं होतं, सगळं पाहिलं होतं. तिचा चेहरा लाल झाला होता. आईनं तिचा दंड धरला, तो तिनं झटकला. माझा हात धरला आणि म्हणाली, "हे सोडायचं नाही. चल, आत्ताच्या आत्ता चौकीत जायचं. मी येते."

आली. माझ्या आधी तीच बोलली. चौकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही. कशाला या भानगडीत? खोली बदला, मोकळ्या व्हा." तर शर्वरी त्यांच्यावर कडाडली, "अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा जबाब घ्या." घेतला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. तिची सही माझ्या डोळ्यांदेखत झाली. चौकीबाहेर आम्ही दोघी उसाचा रस प्यायलो आणि मी रडले. तिनं माझे डोळे पुसले. मी आयुष्यात कुणावर इतका विश्वास टाकला नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. असा अपमान चार लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. बंद दाराआड, घरातल्या घरात कुणी तुम्हाला काहीही म्हणालं, तर हा गुन्हा होत नाही. आत बसलेल्या बायकांना पोलिसांनी विचारलं. सगळ्यांचं एकच. "आम्ही गौरीपुढे गाणी म्हणत होतो हो, काही ऐकलं नाही." शर्वरीच्या आईनं, आपण मागाहून आलो, असं सांगितलं. अण्णांची साक्ष होती, पण ते पडले माझे वडील. आमचे सरकारी वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, "बाहेर उभी असलेली ती मैत्रीण. केस म्हणजे ती." मी म्हटलं, मग काळजी नाही.

वर्षं गेली. तारखा पडत राहिल्या. मी विश्रांतवाडीला दुसरी खोली घेतली, आमच्याच एका नातेवाइकाकडे. ऑफिसात सगळं सुरळीत. शर्वरी शेजारच्या खुर्चीवर, डबा एकत्र. अण्णा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून शिवाजीनगर कोर्टात यायचे आणि बाकावर बसून राहायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही नका येत जाऊ, उगीच दगदग." तर म्हणाले, "ते पन्हं मला द्यायचं होतं का नाही, एवढंच त्या जजनं सांगावं. मी बसतो." त्यांना दुसरं काही नको होतं. शिक्षा व्हावी, असंही ते कधी म्हणाले नाहीत.

आमच्या ऑफिसात एक फिल्म क्लब होता. शुक्रवारी दुपारी ट्रेनिंग रूममध्ये प्रोजेक्टरवर पिक्चर, पॉपकॉर्न, मग चर्चा. त्याची सूत्रं शर्वरीकडे. तिची साक्ष जवळ आली होती तेव्हाच तिनं एक अमेरिकन पिक्चर लावला. कोर्टातला. एका लहान गावात गोरे लोक एका काळ्या माणसाच्या बहिणीचं घर जाळतात. पोलीस काही करत नाहीत. मग तो माणूस त्यांच्या म्होरक्याला मारतो आणि खटला उभा राहतो. ज्यूरी सगळी गोरी. सूड की न्याय, असा वाद. शेवटी गावातली एक गोरी पोस्टमास्तरीण साक्षीला उभी राहते. घर जाळताना कोण कोण होतं, तिनं पाहिलेलं असतं. सख्खा दीर आरोपींच्या बाजूला बसलेला असतो. तरी ती एकेक नाव घेते. सगळा गाव तिच्याकडे बघत असतो, आणि ती बोलत जाते.

अंधारात मी शर्वरीकडे पाहिलं. ढसाढसा रडत होती. ओढणी तोंडात कोंबून. माझा हात घट्ट धरून माझ्या कानात म्हणाली, "काय बाई आहे ना!"

मी त्या माणसासाठी नाही रडले. त्या बाईसाठीही नाही. माझ्याकडेही अशी एक आहे, या आनंदानं माझा ऊर भरून आला होता. आज त्या आनंदाची मला कीव येते.

दिवे लागले. चर्चा. आमचे मॅनेजर म्हणाले, "अमेरिकेत हे रेसिझम म्हणजे फारच भयंकर. आपल्याकडे निदान सुशिक्षित लोकांत असलं काही राहिलेलं नाही, हे आपलं नशीब." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शर्वरीकडे पाहिलं. ती आता बोलेल. ती बोललीच पाहिजे. तिनं नाक पुसलं, पॉपकॉर्नच्या डब्यात बघितलं आणि म्हणाली, "लेट्स स्टिक टू द फिल्म."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माणसाला जे कळून घ्यायचं नसतं, ते कसं कळणार? मी मनात म्हटलं, ऑफिसात नको म्हणून गप्प बसली असेल. माझीच केस, उगाच चर्चा नको म्हणून. तिची बाजू मीच मांडली. माझ्यापाशीच.

साक्षीच्या दिवशी ती आईबरोबर आली. माझ्याशेजारी बसली नाही. पलीकडे, काकूंच्या मागच्या बाकावर बसली. मी हात केला. तिनं पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

पुकारा झाला. पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय पाहिलंत?

"मी जिन्यात होते. दार लावलेलं होतं. आतून आवाज येत होते, पण काय बोलणं चाललं होतं ते कळलं नाही."

मला वाटलं, ती घाबरून चुकीचं बोलली. आता सुधारेल.

"आरोपींनी जातीवरून काही उद्गार काढले?"

"मी ऐकले नाहीत."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही तसं सांगितलंय."

"पोलिसांनी काय लिहिलं मला माहीत नाही. माझी फक्त सही घेतली."

सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. मिळाली. मग त्यांनी कागदात बघत, घड्याळात बघत विचारलं, "तुम्ही आरोपींना वाचवण्यासाठी खोटी साक्ष देत आहात?"

"हे म्हणणं खरं नाही."

संपलं. पिक्चरमध्ये याच ठिकाणी वकील टेबलावरून उठतो, साक्षीदाराच्या डोळ्यांत बघतो आणि असा एक प्रश्न टाकतो की खोटं उघडं पडतं. आमच्या वकिलांनी फाइल बांधली. त्यांच्या पुढच्या केसचा पुकारा व्हायचा होता.

तो प्रश्न मला माहीत होता. माझ्या घशाशी आला होता. मी त्यांचा काळा कोट धरून ओढला. अक्षरशः ओढला. म्हटलं, "साहेब, तिला विचारा, हळदीकुंकवाला दार कोण लावतं?"

ते म्हणाले, "काय?"

"त्या दिवशी हळदीकुंकू होतं हो. बायका येत-जात असतात. दार कुणी लावत नाही. लावलं तर येणारी सवाष्ण दारातून परत जाते, ते अशुभ मानतात. पुण्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. हिच्या आईला विचारा, तिथे बसलीय."

ते थांबले क्षणभर. त्यांना पटलं, मला दिसलं. मग म्हणाले, "मॅडम, साक्ष संपली आता. आधी सांगायचंत."

आधी! ती खोटं बोलणार आहे, हे मला आधी कुठे ठाऊक होतं?

मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जजसाहेब, दार उघडं होतं. हळदीकुंकवाला दार उघडं असतं." जजबाईंनी पेन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं त्यांच्या. त्यांना माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. त्या म्हणाल्या, "फिर्यादींनी मध्ये बोलू नये. बसा." आणि बेलिफानं मला खांद्याला धरून बसवलं.

बाहेर, जिन्याशी मी शर्वरीला गाठलं. मी काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. आईनं शपथ घातली गं. माझं लग्न ठरलंय, ती माणसं काकूंच्या नात्यातली निघाली. काकूंना बीपी आहे, या वयात जेलमध्ये गेल्या असत्या. आणि मग तिनं ते वाक्य टाकलं. "आणि तुझं तरी असं काय गेलं? नोकरी आहे, पगार चांगला आहे, पुढच्या वर्षी ऑनसाइट जाशील. धरून काय ठेवायचं माणसानं!"

काकूंनी जे केलं त्यानं मी पेटले होते. या वाक्यानं मात्र मी गार पडले. काकूंनी आम्हाला परकं म्हटलं होतं. परकं म्हणायला त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. हिनं मला मैत्रीण म्हटलं, माझा हात धरून मला चौकीत नेलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि मग हात सोडला. मला गिळता येत होतं. हिनंच मला बोलायला लावलं होतं.

अण्णा मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. तिला म्हणाले, "जय भीम, पोरी. सुखी राहा." उपरोध नव्हता त्यात. म्हणून मला जास्त राग आला. मी रिक्षात त्यांच्यावर ओरडले, "तिला कशाला आशीर्वाद?" ते बाहेर बघत राहिले.

निकाल लागला. संशयाचा फायदा. काकू निर्दोष. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात चार ओळी आल्या, कायद्याचा गैरवापर वाढतोय अशा सुरात. ऑफिसात कुणीतरी तो तुकडा वाचला, मला कळलं, कारण त्या दिवशी माझ्या टेबलापाशी आल्यावर सगळे फार गोड बोलत होते. मी दुसऱ्या टीममध्ये बदली मागून घेतली.

अण्णा त्या पावसाळ्यात गेले. दम्यानं गेले, कोर्टानं नाही, एवढा प्रामाणिकपणा मी ठेवते. पण पन्ह्याचं काय ते कुणी त्यांना सांगितलं नाही, हे खरं.

आणि या चैत्रात माझ्या मोबाइलवर शर्वरीचा मेसेज आला. 'लग्नानंतरची माझी पहिली गौर. हळदीकुंकवाला नक्की ये गं. झालं गेलं विसरू.' खाली वारज्याच्या नव्या फ्लॅटचा पत्ता.

मी तो मेसेज दिवसभर पाहत होते. मला तो पिक्चर आठवत होता. तिथल्या माणसानं सूड घेतला होता. माझ्याकडे कसला सूड? मला कुणाला मारायचं नाही. पण गप्प बसून विसरायचंही नाही. संध्याकाळी ऑफिसची बस सोडली आणि रिक्षा केली.

जिन्यात चपलांचा ढीग. उंबऱ्यावर रांगोळी. दार सताड उघडं.

मी चपला दोन पायऱ्या खाली काढल्या आणि रांगोळीच्या अलीकडे उभी राहिले. आत झोपाळ्यात गौर. पुढे कलिंगडाचं कमळ, मी करायचे त्यापेक्षा ओबडधोबड कापलेलं. बायका भरलेल्या. सोफ्यावर काकू. शर्वरी भरजरी साडीत कुंकवाचा करंडा घेऊन धावत आली. खरंच आनंद झाला होता तिला. "अगं, आत ये ना! दारात काय उभी?"

मी म्हटलं, "इथेच बरी आहे. मला फक्त एक विचारायचंय. दार उघडं का ठेवलंयस?"

तिच्या हातातला करंडा थबकला.

"कोर्टात तू शपथेवर सांगितलंस, हळदीकुंकवाच्या दिवशी काकूंचं दार लावलेलं होतं. मग आज तुझं उघडं कसं?" आवाज मी मुद्दाम मोठा ठेवला होता. जिना चढणाऱ्या दोन बायका माझ्यामागे थांबल्या. "मी बाकीच्यांनाही विचारते. अहो, तुमच्यापैकी कुणी हळदीकुंकवाला दार लावून घेतं का?"

एका म्हाताऱ्या बाईची मान नकारार्थी हलली, सवयीनं, मग तिच्या लक्षात आलं आणि ती गौरीकडे बघायला लागली. शर्वरी माझ्याकडे बघत होती. डोळे भरले होते तिचे. पिक्चर बघताना भरले होते तसेच. मला त्या पाण्याचं आता काहीही वाटत नाही.

सोफ्यावरून काकू म्हणाल्या, "शर्वरी, दार लाव ते."

शर्वरीनं दाराला हात घातला. मी माझा हात त्याच दारावर ठेवला. तिनं ढकललं, मी ढकललं नाही, नुसती धरून उभी राहिले. दार हललं नाही.

तिला सांगितलं ते इथेही सांगते. हायकोर्टात अपील मी माझ्या नावानं केलंय, सरकारची वाट पाहिली नाही. वकील बदललेत, आणि पहिल्याच भेटीत त्यांना हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावून सांगितलंय. तारीख लागेल तेव्हा मी जाईन, अण्णांच्या जागेवर बसेन. तोवर दर चैत्रात, या बायका जिथे जिथे गौर बसवतील तिथे मी येणार. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. उंबऱ्याबाहेर उभी राहणार आणि हाच प्रश्न विचारणार. पन्हं मला नको. शर्वरी, त्या जिन्यात उभं राहून तू काय पाहिलंस, ते तुझ्या तोंडून, या सगळ्यांसमोर मला ऐकायचंय.

तोपर्यंत हे दार मी लावू देणार नाही.